कृष्णाकाठचे उभे दगड: मुडुमलला नक्की काय बघायचं?

नमस्कार मंडळी!

नरसोबाच्या वाडीला घाटावर बसून कृष्णा आपण डोळे भरून पाहिलेली असते. कुरवपूरला श्रीपाद श्रीवल्लभांच्या दर्शनाला जाणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. त्या कुरवपूरच्याच भागात, त्याच कृष्णेच्या काठी, तेलंगणातल्या नारायणपेट जिल्ह्यात मुडुमल नावाचं गाव आहे. दर्शन झालं की आपण परतीची गाडी धरतो आणि मुडुमल राहून जातं. मला याची फार चुटपुट लागते, म्हणून आजचा हा व्हिडिओ.

(माळावरचं दृश्य)

हे बघा. 10 ते 14 फूट उंचीचे जवळपास 80 दगड, सरळ जमिनीत रोवलेले. साधारण 3,500 ते 4,000 वर्षांपूर्वी माणसांनी हे उभे केले. तेलुगूत यांना म्हणतात ‘निलुवु राळ्ळु’, म्हणजे उभे दगड. गावात गोष्ट सांगतात की ही शेतात राबणारी माणसं होती, शाप लागला आणि दगड झाली. संध्याकाळी लांबून बघितलं ना, तर ही गोष्ट का सुचली असेल ते लगेच कळतं.

पण थांबा, फोटो काढून निघू नका. आता जरा खाली बघा. गुडघ्याएवढे, काही त्याहून ठेंगणे असे सुमारे 3,000 दगड इथे ओळींनी लावलेले आहेत. माझ्या मते खरी किमया या छोट्या दगडांची आहे. हैदराबाद विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ के. पी. राव यांनी या जागेचा बारकाईने अभ्यास केला. वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस, म्हणजे 21 जून आणि 22 डिसेंबरच्या आसपास, उगवत्या-मावळत्या सूर्याशी इथल्या काही ओळी जुळतात, असं त्यांचं निरीक्षण. पेरणी कधी, पाऊस कधी, हे ज्याला आभाळाकडे बघूनच ठरवायचंय, त्याच्यासाठी हे पंचांगच की!

आणि एक दगड तर आवर्जून शोधा. चौकोनीसा, उभा. त्यावर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत, तीसेक असतील. बोट फिरवत त्यातले सात जोडले की आकार ओळखीचा वाटतो... सप्तर्षी! आजूबाजूचे फिकट तारेसुद्धा कोरलेत. लहानपणी गच्चीवर आजोबांनी मला पुलह आणि क्रतू जोडून ध्रुवतारा शोधायला शिकवलं होतं. तीच रेघ इथे दगडावर उत्तर दिशा दाखवते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्याचा एक फेरा व्हायला सुमारे 26,000 वर्षं लागतात. त्यामुळे हा दगड कोरला तेव्हा आजचा ध्रुवतारा उत्तरेच्या टोकावर नव्हताच, आणि सप्तर्षी त्या टोकाच्या आजच्यापेक्षा जवळ होते.

आपल्याकडे नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाणकालीन शिळावर्तुळं आहेत, ती दफनांची. त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ करू.

2025 मध्ये मुडुमल युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आलं. आनंद आहेच, पण आता गर्दी वाढणार याची धास्तीही वाटते. कळकळीने सांगते, इथला एकही दगड हलवू नका, मुलांना त्यावर चढवू नका. छोटा धोंडा वीतभर सरकला तरी ओळ मोडते, आणि ती पुन्हा कुठून जुळवायची हे सांगायला लावणारे आज नाहीत.

जायचं कसं? मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर यादगीरच्या पुढे, रायचूरच्या आधी ‘कृष्णा’ नावाचंच स्टेशन आहे. मुडुमल त्याच परिसरात. गाड्यांचे थांबे आधी बघून घ्या, नाहीतर रायचूरहून गाडी करा. सोबत पाणी, डोक्याला टोपी, आणि दुपार टाळा. ऊन उतरलं की सावल्या लांबतात, ओळी नजरेत भरतात. एका दगडाला तिथल्या बायका यल्लम्मा म्हणून पूजतात. तिच्यापुढे जाताना चपला काढा.