गल्ल्यातली चिल्लर बाजारात येऊ द्या

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या विदर्भातल्या कोणत्याही आठवडी बाजारात दहा रुपयांचं नाणं पुढं करून पाहा. भाजीवाली बाई हात मागं घेते. "हे नाही चालत जी, नोट द्या." का नाही चालत, असं विचारलं तर म्हणते, "माझ्याजवळून कोणी घेत नाही." तिच्या शेजारचाही तेच सांगतो आणि त्याच्या शेजारचाही. माझी सारी नोकरी बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये कॅश काउंटरवर गेली. आज या चिल्लरीसाठीच तुमच्याशी बोलायला आलो आहे, कारण या नकाराचा फटका बसतो तो ज्याच्या हाती पैसा सर्वांत थोडा, त्याला.

आधी दहाच्या नाण्याविषयी. बाहेरचं कडं पिवळं, आतली चकती पांढरी. काहींवर रुपयाचं चिन्ह आहे, काहींवर नाही. काहींवर दहा रेषा आहेत, काहींवर पंधरा. एवढ्यावरून खऱ्याखोट्याची अफवा उठली आणि गावोगाव पोचली. अहो, रुपयाचं चिन्हच मुळी 2010 मध्ये ठरलं. त्याआधीच्या नाण्यावर ते येणार कुठून? रिझर्व्ह बँकेनं 17 जानेवारी 2018 रोजी पत्रक काढून सांगितलं, की दहाच्या नाण्याचे तोवर 14 नमुने निघाले आहेत आणि ते सगळे चलनात आहेत. वेगळं दिसतं म्हणून नाणं खोटं ठरत नाही. नाणी पाडतं केंद्र सरकार. मुंबई, हैदराबाद, कोलकाता आणि नोएडा इथल्या टांकसाळींत. सालाच्या खाली बारीक खूण असते. चौकोनी हिरा असला तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा आणि काहीच नसलं तर कोलकाता. घरच्या पोरांना हे दाखवा. एकदा कळलं की पोरं प्रत्येक नाणं उलटंपालटं करून पाहतात.

25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. पन्नास पैसे मात्र कायद्यानं अजून चालतात, एका वेळी दहा रुपयांपर्यंत. पण आठ आण्याला बाजारात आता काही येत नाही, तेव्हा त्याचा आग्रह मी धरत नाही. माझा आग्रह आहे तो एक, दोन, पाच आणि दहाच्या नाण्यांचा. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी 1000 रुपयांपर्यंत देता येतात, असं नाणे कायदा सांगतो.

आता नुकसान कसं होतं ते पाहा. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आठ रुपयांना विकायची तर बाईजवळ परत द्यायला दोन रुपये हवेत. ते नसले की जुडी दहाची होते, किंवा ती दोन रुपये सोडून देते. सात रुपयांचा चहा मधे कुठं न थांबता दहाला जातो. किराण्याच्या दुकानात तीन रुपयांच्या बदल्यात गोळ्या हातावर पडतात. एसटीचं तर विचारूच नका. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, ते फार चांगलं झालं. पण चिल्लर नसली की कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी रक्कम लिहून देतो. मावशी डोक्यावर बोचकं, काखेत लेकरू घेऊन गर्दीतून उतरते आणि ते तिकीट तिच्या मुठीतच राहून जातं. त्या मावशीची दिवसभर निंदण करून आलेली मजुरी आहे ती. तिच्या हिशेबात पाच रुपये म्हणजे पाच रुपयेच असतात.

कोणी म्हणेल, आता फोनवरून पैसे जातात, चिल्लर कशाला हवी? टपरीवर ते दिसतंही. पण ज्या म्हातारीजवळ साधा फोन आहे, ज्या गावात रेंज मिळवायला गच्चीवर चढावं लागतं, तिथं काय करायचं?

मग ही चिल्लर जाते कुठं? तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर जातात, त्यांना बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, मिळतो. तो गल्ल्यात पडतो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतो. आहेराच्या पाकिटावर चिकटलेला रुपया देवघराच्या डबीत जातो. वर्धा, वैनगंगा, पैनगंगेच्या पुलावरून गाडी निघाली की खिडकीतून हात बाहेर येतात. या चालीरीती माझ्याही घरच्या आहेत, त्या मोडा असं मी म्हणणार नाही. बोजारा तर पोरांना नाण्यांतच द्या. एवढंच की गल्ला दरसाल दिवाळीआधी फोडा आणि तीच नाणी गावच्या दुकानदाराला द्या. सणाच्या गर्दीत त्याला चिल्लर लागतेच. तुम्हाला नोटा मिळतील, त्याचा गल्ला भरेल. नदीत टाकलेला रुपया मात्र कोणाच्याच कामी येत नाही. एक रुपयाचं नाणं पाडायला 1 रुपया 11 पैसे खर्च येतो, असं 2018 मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आलं होतं.

दुकानदार मंडळींनाही सांगणं आहे. ग्राहकानं दहाची नाणी दिली तर ती घ्या आणि त्याच दिवशी दुसऱ्याला द्या. साठवून ठेवली की भीती वाढते. भाजीवाल्या बाईला तुम्ही स्वतः हमी द्या, "मावशी, तुझ्याजवळ आली तर माझ्याकडं आण, मी घेईन." गावात असं एक दुकान असलं तरी बाजाराचा सूर बदलतो.

आणि नाणी फारच जमली तर सरळ बँकेत न्या. चलनातली नाणी घ्यायला कोणत्याही शाखेनं नकार द्यायचा नाही, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. दहाच्या नाण्याबद्दल शंका असेल तर रिझर्व्ह बँकेचा 14440 हा मोफत क्रमांक लावा, माहिती ऐकायला मिळते. शाखेत जाताना नाणी एकत्र ओतून नेऊ नका. एकाची वेगळी, दोनाची वेगळी, अशी निवडा आणि पारदर्शक पिशवीत शंभर-शंभर भरा. पगाराचा आणि बाजाराचा दिवस टाळा, सकाळी लवकर जा. काउंटरवरच्या माणसाला मोजायला सवड मिळते.