मण्यात साखर किती?

नमस्कार श्रोतेहो. फेब्रुवारी लागला की नाशिकच्या द्राक्षबागांत एकच चौकशी असते, "साखर किती भरली?" बागाईतदार मणी पिळतो, रसातली साखर मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर दोन थेंब टाकतो आणि आकडा सांगतो. मखमलाबादच्या मळ्यांतून येणाऱ्या माझ्या सातवीच्या मुलांना हे काही नवीन नाही. म्हणून मी विचारलं, मणी न फोडता, न चाखता गोड कोणता ते सांगाल का?

काचेच्या बरणीत अर्धा लिटर पाणी घेतलं आणि वेगवेगळ्या घडांचे मणी सोडले. सगळे तळाशी. "जड आहेत ना, सर!" मग एवढं मोठं कलिंगड कसं तरंगतं? वर्ग गप्प. अशा वेळी उत्तर सांगून टाकावंसं फार वाटतं. मी सांगितलं नाही.

मग एकेक चमचा मीठ घालत गेलो. चमचा सपाटच हवा, हे एका मुलानेच बजावलं. नाहीतर मोजण्यात अर्थ काय? दर चमच्याआधी अंदाज वहीत पेनाने लिहायचा, चुकला तरी खोडायचा नाही. मीठ विरघळलं की पाण्याची घनता वाढते. पाचव्या चमच्याला हिरवट मणी उठले. पिवळसर मणी नवव्या-दहाव्यापर्यंत हलले नाहीत. धुऊन चाखले, तर उशिरा उठलेले गोड! साखर जास्त, म्हणून मण्याची घनता जास्त, म्हणून तो उठायला मीठही जास्त.

पण एका घडाचे दोन सारखेच पिवळे मणी होते, त्यातला एक आठव्यालाच वर आला. "हा आंबट असणार," सगळे म्हणाले. एक मुलगी मात्र बरणीला नाक लावून बघत राहिली. देठाच्या खळगीत ज्वारीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. तिने काडीने तो सोडवला आणि मणी हळूहळू तळाशी गेला. त्या क्षणी वर्गात जो गलका झाला, तो मला आजही ऐकू येतो.

नंतर कुणीतरी डब्यातला बेदाणा टाकला. मीठ घालून घालून शेवटी ते विरघळेनासं झालं, तळाशी थर साचला. बेदाणा काही हलला नाही. पुढच्या तासाला साखरेचा घट्ट पाक करणार आहोत. अंदाज वहीत लिहून झालेत.