पूर, धंदा आणि पंचनामा

श्रोतेहो, नमस्कार. पावसाचा जोर वाढला की कोल्हापुरात एकच चौकशी सुरू होते: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. दसरा चौकालगतच्या सुतारवाड्यात मात्र पाणी शिरतं ते जयंती नाल्यातून. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी नदीत जात नाही, मागं तुंबतं. तिथल्या कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवलं जातं. माणसं वाचतात, पण धंदा बुडतो.

शाहूपुरीतली कुंभार गल्ली घ्या. २०१९ चा पूर ऑगस्टच्या सुरुवातीला आला, गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. २०२१ ला पूर जुलैअखेर, चतुर्थी १० सप्टेंबरला. वर्षाची सगळी कमाई तेव्हा मूर्तींत अडकलेली असते आणि अजून एकही मूर्ती विकून पैसा हातात आलेला नसतो. शाडू भाजलेला नसतो. पाणी लागलं की तळ विरघळतो, वरची मूर्ती खचते. प्लास्टरची मूर्ती टिकली तरी रंग जातो. माती-रंगाची उधारी मात्र तशीच राहते. २०१९ ला शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान मिळालं. त्यात घर सावरायचं की धंदा?

म्हणून ४३ ची वाट बघू नका, ३९ लाच माल हलवा. ओल्या मूर्ती उचलताना तडकतात, त्यामुळं वाळलेल्या आधी न्या. शिवणकामाचा धंदा असेल तर शिलाई मशीनचं डोकं आणि मोटर सोडवून घ्या, स्टँड राहू दे. मेन स्विच बंद करा. पाणी उतरल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय तो चालू करू नका.

मालाचे फोटो पूर येण्याआधी काढा आणि बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. खरेदीच्या पावत्या, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक एकाच प्लास्टिक पिशवीत ठेवा. चिखल काढण्याआधी पुन्हा फोटो घ्या. पंचनाम्यात घरातलं सामान आणि धंद्याचा माल वेगवेगळा लिहून घ्या, कारण एकत्र लिहिलं की माल दिसतच नाही.

सगळ्यात जास्त हाल भाडेकरूंचे होतात. करार नाही, लाइटबिल मालकाच्या नावावर. मुलांच्या शाळेचा दाखला, गॅसचं कार्ड, असा त्या पत्त्यावरचा जो कागद असेल तो जपा. मालकाशी पावसाआधीच बोलून घ्या. पाणी उतरल्यावर छावणीतून घरातलं एक माणूस तरी दाराशी थांबू दे. पंचनाम्याला आलेल्यांना कुलूप दिसलं तर नोंद राहून जाते.