४२६ बाळंतपणांतली चार बाळं

बोत्स्वाना हा दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला लागून असलेला, पंचवीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश. तिथल्या सरकारी रुग्णालयांतल्या प्रसूती-नोंदींबद्दल मला आज बोलायचं आहे. मे २०१८ मध्ये या नोंदींतल्या चार बाळांमुळे अनेक देशांत स्त्रियांना एचआयव्हीचं अधिक चांगलं औषध मिळता मिळता थांबलं. पुढे त्याच नोंदी वाढत गेल्या आणि त्यांनीच ते औषध त्यांना परत मिळवून दिलं. या दोन घटनांमध्ये काय घडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

औषधाचं नाव डोल्युटेग्रॅविर. त्याआधी सर्वत्र इफाविरेंझ चालायचं. इफाविरेंझने चक्कर, झोपमोड, भयंकर स्वप्नं असे त्रास होतात, आणि विषाणू त्याला लवकर सरावतो. डोल्युटेग्रॅविरला विषाणू सहजासहजी सरावत नाही आणि रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण ते फार झपाट्याने खाली आणतं. गरोदरपणात हा वेग महत्त्वाचा असतो. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात डॉल्फिन-२ नावाची चाचणी झाली. तिच्यात अठ्ठावीस आठवडे उलटून गेल्यावरच ज्यांचे उपचार सुरू झाले अशा स्त्रिया होत्या. बाळंतपणाच्या वेळी विषाणूंचं प्रमाण रक्ताच्या एका मिलिलिटरमागे ५० च्या खाली आलेल्या स्त्रिया डोल्युटेग्रॅविरच्या गटात ७४ टक्के होत्या, इफाविरेंझच्या गटात ४३ टक्के. उशिरा दवाखान्यात पोचलेल्या बाईच्या बाळासाठी हा फरक फार मोठा आहे.

बोत्स्वानाने २०१६ मध्येच डोल्युटेग्रॅविर पहिल्या फळीत, म्हणजे उपचार सुरू करताना द्यायच्या औषधांत, आणलं. तिथे गरोदर स्त्रियांपैकी साधारण चारात एक एचआयव्हीबाधित असते आणि जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात. त्यामुळे गर्भारपणातल्या औषधांचे परिणाम पाहायला इतकी योग्य जागा दुसरी सापडणं कठीण.

आणि पाहणारी यंत्रणा तिथे आधीपासून उभी होती. ऑगस्ट २०१४ मध्ये आठ सरकारी रुग्णालयांत त्सेपामो नावाचा अभ्यास सुरू झाला होता. तो डोल्युटेग्रॅविरसाठी नव्हताच, संशय इफाविरेंझवर होता. माकडांवरच्या प्रयोगात इफाविरेंझ दिलेल्या माद्यांच्या वीस पिल्लांपैकी तिघांत गंभीर व्यंगं निघाली होती आणि ती भीती वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या मनात घर करून होती. ती भीती माणसांत खरी आहे का, हे मोजायला हा अभ्यास उभा राहिला. पाहणारे आधीच तिथे बसलेले होते, म्हणूनच नव्या औषधाबद्दलची शंका दिसू शकली.

काम कसं चालायचं ते सांगतो, कारण सगळं बळ तिथेच आहे. चोवीस आठवड्यांनंतर जन्मलेलं प्रत्येक बाळ, जिवंत असो वा मृत, मोजायचं. आईची एचआयव्हीची स्थिती कोणतीही असो, तिची नोंद घ्यायची. बाळंतपण करणारी परिचारिका बाळाला डोक्यापासून पायापर्यंत, पाठीवर उलटं करून तपासते. आईच्या हातात गरोदरपणाचं कार्ड असतं. एचआयव्हीची तपासणी कधी झाली, गोळ्या कोणत्या, कोणत्या तारखेपासून, हे त्यावर लिहिलेलं असतं. ती घरी जाण्याआधी अभ्यासाचा कार्यकर्ता त्या कार्डावरून माहिती उतरवून घेतो. व्यंग दिसलं तर आईच्या संमतीने फोटो काढला जातो. तो फोटो जन्मजात व्यंगांच्या तज्ज्ञाकडे जातो आणि आईने कोणती गोळी घेतली हे त्या तज्ज्ञाला कळू दिलं जात नाही. माहीत असतं, तर संशयित औषधाच्या बाजूला शंकास्पद फोटोही 'व्यंग' म्हणून गेले असते.

यात उणिवा आहेतच. बाहेरून पाहून हृदयाचं व्यंग दिसत नाही. चोवीस आठवड्यांच्या आत पडलेला गर्भ मोजला जात नाही. मात्र बोत्स्वानात गर्भातल्या व्यंगासाठी सोनोग्राफी क्वचितच होते आणि कायद्याने गर्भपाताची मुदत सोळा आठवड्यांची आहे. त्यामुळे मेंदू-मणक्याची व्यंगं असलेले बहुतेक गर्भ प्रसूतीपर्यंत येतात आणि मोजले जातात. श्रीमंत देशांत यातले बरेच गर्भ प्रसूतीपर्यंत न येता आधीच काढले जातात, म्हणून तिथल्या प्रसूती-नोंदी या व्यंगांबाबत फसव्या ठरू शकतात.

आता तारखांचा प्रश्न. गर्भाची न्यूरल ट्यूब, म्हणजे ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती, गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद होते. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणजे गोळ्या तिसऱ्या महिन्यात सुरू झाल्या असतील, तर ही नळी बंद न होण्याचा दोष त्या गोळ्यांना देता येत नाही. शेवटच्या पाळीची तारीख धरायची, तिच्यापासून गर्भधारणेचा दिवस काढायचा, आणि त्या दिवशी बाई कोणत्या गोळीवर होती ते पाहायचं. पाळीची तारीख चार आठवड्यांनी चुकली, तर बाई चुकीच्या गटात जाऊन पडते.

मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं नव्या मार्गदर्शक सूचनांचं काम चालू होतं. त्यानिमित्ताने त्सेपामोचे आकडे ठरल्या वेळेआधी काढले गेले. गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्रॅविर चालू असलेली बाळंतपणं ४२६. त्यांत न्यूरल ट्यूबची व्यंगं असलेली बाळं चार, म्हणजे ०.९४ टक्के. इतर एचआयव्ही औषधांवर असलेल्यांत ११,३०० पैकी १४, म्हणजे ०.१२ टक्के. एचआयव्ही नसलेल्यांत ६६,०५७ पैकी ६१, म्हणजे ०.०९ टक्के. गरोदरपणातच डोल्युटेग्रॅविर सुरू केलेल्या २,८१२ जणींत एकही नाही. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला होता त्या इफाविरेंझवर ५,७८७ पैकी तीन, म्हणजे इफाविरेंझ निर्दोष ठरत होतं.

चार बाळांची व्यंगंही चार वेगवेगळ्या प्रकारची होती. एकाच औषधाने घडवलेली इजा बहुधा एका ठरावीक साच्याची असते, त्यामुळे तज्ज्ञांना हे तेव्हाही खटकलं होतं. पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. हजारात एक हे नेहमीचं प्रमाण धरलं तर ४२६ मध्ये अर्धं बाळही अपेक्षित नाही, आणि इथे चार. दुसरीकडे, इतक्या कमी बाळंतपणांवरून खरं प्रमाण ०.३७ टक्क्यांपासून २.४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकत होतं. हजारात एक होणाऱ्या व्यंगात तिप्पट वाढ नाही, एवढं खात्रीने म्हणायलाही गर्भधारणेच्या वेळी औषध चालू असलेली सुमारे २,००० बाळंतपणं हवीत. तेव्हा हातात त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी होती.

संशोधकांनी आकडे तातडीने जाहीर केले, ते योग्यच केलं. १८ मे रोजी जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपीय औषध संस्था या दोघींनी इशारा दिला. अडचण पुढे आली. केनियासह काही देशांनी मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना इफाविरेंझवरच ठेवायचं ठरवलं. काही ठिकाणी डोल्युटेग्रॅविर हवं असेल तर दीर्घकाळ टिकणारं गर्भनिरोधक घेण्याची अट आली. ज्या बाईला आणखी मूल नको आहे, जिची नसबंदी झाली आहे, जिला इफाविरेंझ सोसत नाही, त्या सगळ्या एका रांगेत उभ्या केल्या गेल्या. पुरुषांना मात्र नवी गोळी मिळत राहिली.

जुलै २०१८ मध्ये रवांडाच्या राजधानीत, किगालीला, १८ देशांतल्या ३९ एचआयव्हीबाधित आफ्रिकी स्त्रिया जमल्या. धोका आणि फायदा दोन्ही आम्हाला सांगा आणि निवड आमची आम्हाला करू द्या, सरसकट बंदी आम्हाला मान्य नाही, असं निवेदन त्यांनी काढलं. माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत शास्त्रशुद्ध भूमिका त्यांचीच होती. आकडा डळमळीत असतो तेव्हा निर्णय ज्याच्या अंगावर येणार त्याच्याकडे द्यावा, हे त्या सांगत होत्या.

त्यांच्या म्हणण्याला हिशोबाचाही आधार मिळाला. व्यंगाचा धोका खराच आहे असं धरून दक्षिण आफ्रिकेसाठी एक गणिती अंदाज मांडला गेला. त्यानुसार सर्व स्त्रियांना इफाविरेंझऐवजी डोल्युटेग्रॅविर दिलं तर पाच वर्षांत स्त्रियांचे सुमारे १३,७०० मृत्यू आणि लैंगिक संबंधांतून होणारे सुमारे ५७,७०० संसर्ग टळतील, पण बालमृत्यू सुमारे ४,४०० नी वाढतील. हा हिशोब क्रूर आहे. तो वाचताना हात थरथरतो आणि थरथरायलाच हवा. पण औषध रोखून धरण्यात धोका नाही, हा समज त्याने पुसून टाकला.

त्याच काळात बोत्स्वानाने मोजणी वाढवली. रुग्णालयं आठवरून अठरा झाली. मार्च २०१९ पर्यंत १,६८३ पैकी पाच, म्हणजे ०.३० टक्के. जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोल्युटेग्रॅविर सर्वांसाठी पहिली पसंती म्हणून जाहीर केलं. २०२० मध्ये ३,५९१ पैकी सात. २०२२ मध्ये ९,४६० पैकी दहा, म्हणजे ०.११ टक्के, इतर औषधांइतकंच.

इथे एक वजाबाकी करून पाहा. शेवटच्या दहातून सुरुवातीचे चार काढा, ९,४६० मधून ४२६ काढा. उरलेल्या ९,०३४ बाळंतपणांत सहा, म्हणजे ०.०७ टक्के. शंका ज्या आकड्यांतून निघाली तेच आकडे तिच्या पुराव्यातही धरले, तर शंका फुगलेली दिसते. नव्याने जमवलेल्या आकड्यांत ती उभी राहिली नाही. हा धडा साथरोगशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात, पण इतक्या स्पष्ट रूपात क्वचितच दिसतो.

आता फॉलिक ॲसिड. दक्षिण आफ्रिकेत २००३ पासून गव्हाच्या आणि मक्याच्या पिठात ते मिसळणं सक्तीचं आहे, बोत्स्वानात तशी सक्ती नव्हती. दिवस राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड पोटात गेलं तर ही व्यंगं बरीच कमी होतात. औषधाच्या वादात हा सोपा उपाय मागे पडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

भारताचा यात दुहेरी संबंध आहे. आफ्रिकेत आज पोचणाऱ्या टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविरच्या एकत्र गोळ्यांचा फार मोठा भाग भारतीय कंपन्यांचा आहे. २०१७ मध्ये या गोळीची किंमत माणशी वर्षाला सुमारे ७५ डॉलर ठरली, तेव्हा पहिले पुरवठादार अरोबिंदो आणि मायलन होते, आणि दोघांचेही कारखाने भारतात आहेत. आणि नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, हिच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार महाराष्ट्रातल्या एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, मूल हवं असलेल्या बाईलाही हीच गोळी मिळते. तिच्या गोळीमागचा सुरक्षिततेचा पुरावा मुख्यतः बोत्स्वानातल्या परिचारिकांनी उलटून पाहिलेल्या बाळांतून आला आहे.

पुढचा प्रश्न एचआयव्ही होऊच नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनचा आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या पर्पज-१ चाचणीत हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. चाचणीत दिवस गेलेल्यांना बाहेर काढलं नाही, हे तिच्या आखणीतलं मोठं काम. पण इंजेक्शनचा एक आणि गोळ्यांचे दोन असे तिन्ही गट मिळून गर्भधारणा पाचशेच्या थोड्या वर होत्या. व्यंगाबद्दल बोलायला २,००० लागतात, हे आपण पाहिलं. शिवाय गोळी थांबवता येते, दिलेलं इंजेक्शन काढून घेता येत नाही, आणि पुढचे कित्येक महिने औषध शरीरात राहतं. म्हणजे नकळत दिवस राहिले तर गर्भाचा औषधाशी संबंध येणारच. ही इंजेक्शनं वाटणाऱ्या प्रत्येक देशाला प्रसूती विभागात चार गोष्टी लागतील: आईच्या कार्डावर शेवटच्या इंजेक्शनची तारीख, शेवटच्या पाळीची तारीख, मृतजन्मासह प्रत्येक बाळाची पाठीसकट तपासणी, आणि इंजेक्शन न घेतलेल्या आयांच्या बाळांचीही तशीच नोंद. तुमच्यापैकी जे प्रसूती विभागात काम करतात त्यांनी उद्या आपल्या रजिस्टरमध्ये हे चार रकाने आहेत का ते पाहावं. चौथा बहुतेक ठिकाणी सुटतो, आणि तो सुटला की तुलना करायला काहीच उरत नाही.