विंचवाचं बिऱ्हाड आणि विमान कंपनी

(बेळगावातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

पत्रिकेवरचा विषय वाचून काल दोघातिघांचे फोन आले. "अमेरिकेतल्या विमान कंपनीचं आम्हाला काय करायचंय? आपल्या सांबरा विमानतळाचं बोला की." सांबऱ्याचंच बोलणार आहे, खरं अटलांटावरून जाणार. बेळगावच्या माणसाला वळसा घालून जायची सवय आहेच.

प्रश्न साधा आहे. राज्य सरकार विमान कंपनीला करात सवलत देतं. उद्या ती काढून घेतली तर कंपनी बिऱ्हाड हलवेल का? माझं मत आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मधे कुणाला उठून जायचं झालं तर चुकल्यासारखं वाटायला नको. कंपनी हलत नाही. विमानं हलतात. या दोन्हींत फरक आहे आणि तो न कळल्यामुळे सरकारं भलत्याला घाबरतात आणि भलत्याला गृहीत धरतात.

अमेरिकेतली हकीकत आधी थोडक्यात. डेल्टा ही तिथली बडी विमान कंपनी, मुख्यालय जॉर्जिया राज्यात, अटलांटाला. फेब्रुवारी 2018 मध्ये फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, 17 जीव गेले. त्यानंतर डेल्टानं एक सूट बंद केली. बंदूकवाल्यांची मोठी संघटना आहे, नॅशनल रायफल असोसिएशन. तिच्या अधिवेशनाला जाणाऱ्यांना तिकिटात मिळायची ती. झालं. जॉर्जियाचे लेफ्टनंट गव्हर्नर केसी केगल (तिथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री, तेव्हा यांना उपमुख्यमंत्री समजा) यांनी जाहीर केलं, की डेल्टानं भूमिका बदलली नाही तर तिच्या फायद्याचं एकही करविधेयक मंजूर होऊ देणार नाही. आणि खरंच विमानाच्या इंधनावरची करमाफी विधेयकातून उडवली. वर्षाला सुमारे 4 कोटी डॉलरचा मामला होता. आता त्या सवलतीत विकली गेलेली तिकिटं किती असतील? 13. (हशा) हसू नका, आपल्याकडे यापेक्षा कमी कारणावरून बस बंद पडलेल्या आहेत.

लगेच शेजाऱ्यापाजाऱ्यांची आवतणं आली. न्यूयॉर्क म्हणालं आमच्याकडे या, व्हर्जिनिया म्हणालं आमच्याकडे या, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे महापौरही म्हणाले. डेल्टा गेली की राहिली, ते पुढं सांगतो.

ही "जातो बघा"ची धमकी मला नवी नाही. माझं सगळं आयुष्य या गावात कर सल्लागार म्हणून गेलं. विजेचे दर वाढले की उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतला कुणीतरी फाउंड्रीवाला, म्हणजे लोखंडाचं ओतकाम करणारा, फाईल घेऊन समोर बसायचा. "साहेब, शिनोळीला जातो बघा आता." शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. हद्द ओलांडली की आली. त्याच सुमाराला कोल्हापुरात वीज महागलेली असायची आणि शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखानदार "आम्ही कर्नाटकात जातो" म्हणून सांगत असायचे. मला वाटायचं, एकदा दोघांना हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर समोरासमोर उभं करावं.

मी त्या अशिलाला एवढंच विचारायचो, "मोल्डर राहतात कुठं?" मच्छे, पिरनवाडी. "पॅटर्न कोण करतो?" अनगोळचा मिस्त्री, त्याच्या वडिलांपासून. "मशीनिंग?" मागच्याच शेडमध्ये. "आणि फर्नेस बंद पडली तर?" यावर गडी गप्प. रात्री अकराला बोलावलं तर सायकलवरून येणारा माणूस त्याला माहीत असायचा. चहा पिऊन फाईल घेऊन परत जायचा. गेले ते कोण? ज्यांच्या धंद्यात विजेचं बिल मोठं आणि माणसं थोडी, ते गेले. बाकी सगळे अजून उद्यमबागेत आहेत आणि अजून जातोच म्हणतात.

हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

सीमाभागावर बोलताना राज्य बदलायचा विषय निघाला की सभागृहातली हवाच बदलते, मला ठाऊक आहे. आपण 1956 पासून जागा न सोडता राज्य बदलायची खटपट करतोय. विमानाचं उलटं, त्याला राज्याशी घेणं नाही, जागा मात्र चटकन सोडतं. सीमावादावरच्या महाजन आयोगाबद्दल मी आज बोलणार नाही. अध्यक्षांचा चेहरा बघा, किती हायसं वाटलं.

आता आमच्या घरचीच गोष्ट. अमेरिकेत ते रामायण झालं फेब्रुवारीत, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या भाचीचा साखरपुडा ठरला. मुलाकडची मंडळी डोंबिवलीची. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, अभिमानी माणूस. "आता बेळगावला विमान आहे, रेल्वेतून कशाला येताय?" असं व्याह्यांना आपण होऊन सांगितलेलं. तिकिटं काढून झाली. आणि मग मोबाईलवर कंपनीचा संदेश, की आमची विमानसेवा आता बेळगावऐवजी हुबळीला उतरेल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर दाजी तिसऱ्या ओळीतून उठून उभे राहतील.

दाजींनी फोन लावला. अर्धा तास गाणं ऐकलं. मग पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "सर, हुबळी इज युवर नियरेस्ट एअरपोर्ट." दाजी म्हणाले, "बाई, सांबरा माझ्या घरापासून रिक्षानं जायच्या अंतरावर आहे, हुबळी शंभर किलोमीटर!" ती म्हणाली, "येस सर, नियरेस्ट." तिच्या पडद्यावर सांबरा पुसलं गेलेलं होतं, तिचा काय दोष?

मग काय, ट्रॅक्स गाडी ठरवली. मी, दाजी, एक चुलतभाऊ आणि कुंद्याचा डबा. व्याह्यांना वाटेत पहिला घास बेळगावचा लागला पाहिजे ही दाजींची इच्छा. मे महिन्याचं ऊन, आणि धारवाडच्या बायपासला तो चौपदरी रस्ता एकदम दुपदरी व्हायचा, त्यात पुढं उसाचा रिकामा ट्रक. हुबळीच्या विमानतळावर पोचलो तर मंडळी बाहेर येऊन सावली शोधत उभी. व्याही म्हणाले, "छान आहे हो तुमचं बेळगाव." दाजींना तिथंच दरदरून घाम फुटला. गाडीत बसल्यावर सत्य सांगितलं. व्याही सज्जन, काही बोलले नाहीत, फक्त दर दहा मिनिटांनी विचारायचे, "आलं का?" दाजी म्हणायचे, "आलं की." धारवाड गेलं, आलं की. कित्तूर गेलं, आलं की. त्यात विहीणबाईंना कुणीतरी धारवाडी पेढ्याचं सांगून ठेवलेलं, म्हणून गाडी धारवाडात घालावी लागली होती, आणि सगळ्यांनी दाजींच्या देखत पेढे खाल्ले. कुंद्याचा डबा मांडीवर तसाच. हिरेबागेवाडीचा टोल आला तेव्हा इकडं मुहूर्त टळून गेला होता. गुरुजींना शहापुरात दुसरं कार्य होतं, ते फोनवर म्हणाले, "गोरज मुहूर्तही चांगलाच असतो."

सगळं नीट पार पडलं. पोरीचा संसार सुखाचा आहे. पण डोंबिवलीच्या त्यांच्या नातेवाइकांत आमची भाची आजही "हुबळीची सून" आहे. (हशा, टाळ्या)

आता कर सल्लागार म्हणून मला हा प्रश्न पडला, की विमान तेच, कंपनी तीच, राज्यसुद्धा तेच. मग बेळगाव सोडून हुबळी का? उत्तर 'उडान' योजनेत होतं. केंद्राची योजना, 2016 ची. जिथं विमान नाही किंवा नावापुरतं आहे, अशा गावांसाठी. अर्ध्या जागांना भाड्याची कमाल मर्यादा, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार. त्या बदल्यात कंपनीला तीन वर्षं तूटभरपाई, त्या मार्गावर तीन वर्षं मक्तेदारी, आणि राज्यानं विमानाच्या इंधनावरचा व्हॅट 1 टक्क्यावर आणायचा. विमानाचं इंधन जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपल्या मर्जीनं कर लावतं, आणि कर्नाटकाचा दर तेव्हा 28 टक्के होता. 28 कुठं आणि 1 कुठं. विमान कंपनीच्या खर्चात तीस-चाळीस टक्के इंधनच असतं. यादीत हुबळी होती, बेळगाव नव्हतं. का नव्हतं? आमच्याकडे विमानं येत होती ना! जेवलेल्याला पंगतीत बसवत नाहीत. मग विमानं गेली, आम्ही उपाशी झालो आणि ओरडायला लागलो. जानेवारी 2019 मध्ये योजनेच्या तिसऱ्या फेरीत नंबर लागला, एकदम 13 मार्ग. तिरुपती, मैसूर, कडप्पा, सुरत, जोधपूर! जोधपूरला बेळगावचं कोण जातं असं तुम्ही विचाराल, तर रामदेव गल्ली-गणपत गल्लीतल्या व्यापाऱ्यांना विचारा. तीन वर्षं बरी गेली. भरपाईची मुदत सरली तशी त्यातले बरेचसे मार्ग आटले.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हे. विमान ही वस्तूच अशी, की सकाळी उठून दुसऱ्या गावाला जाऊन राहू शकते. तिला इथं काही पुरून ठेवलेलं नसतं.

इंधनाचंच आणखी एक सांगतो. कोगनोळीच्या अलीकडं पेट्रोल पंपांची रांग बघितलीय ना? कोल्हापूरचा ट्रकवाला टाकी भरायला हद्द ओलांडून यायचा. विमानंही हेच करतात. जिथं कर कमी तिथं जास्तीचं भरून घ्यायचं आणि महाग ठिकाणी नळीच लावायची नाही. त्याला धंद्यात टँकरिंग म्हणतात. जम्मू-काश्मीरनं 2020 मध्ये हा कर साडेसव्वीस टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आणला, तिथं इंधन भरणाऱ्या विमानांची संख्या भराभर वाढली. महाराष्ट्रानं 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे, रायगडसाठी 25 चे 18 केले. म्हणजे दर बदलला की इंधन कुठं भरायचं ते बदलतं, फेरी कुठून न्यायची तेही बदलतं. कंपनीचं मुख्यालय मात्र...

चिठ्ठी आली. "दहा मिनिटं." दाजींनी पाठवलेली नाही ना? बरं.

तर डेल्टा. भरभर सांगतो. डेल्टा जन्मली 1924 मध्ये, जॉर्जियातच, मेकन गावी, कापसावरच्या किडीवर विमानातून औषध फवारणारी कंपनी म्हणून. पुढच्याच वर्षी लुइझियानातल्या मन्रोला गेली. 1941 मध्ये तिथून अटलांटाला आली. म्हणजे विमान कंपनी बिऱ्हाड कधीच हलवत नाही असं नाही, पण ती हलली तेव्हा लहान होती आणि हलली ती धंद्याच्या मागं. आता बघा. अटलांटा 1998 पासून जगातला सर्वांत गर्दीचा विमानतळ आहे, करोनाचं 2020 साल सोडलं तर. तिथले चारातले जवळपास तीन प्रवासी एकट्या डेल्टाचे. त्यातले पुष्कळसे अटलांटाला राहतही नाहीत, नुसते विमान बदलायला उतरतात. शेकडो विमानं एका वेळापत्रकात एकमेकांत अडकवलेली. जॉर्जियात तीस हजारांवर नोकर, दुरुस्तीचे हँगर, विमानतळाशी 2016 मध्ये ठरलेला 20 वर्षांचा करार. आणि गेलं काय होतं? 4 कोटी डॉलर. 2017 चा नफा 300 कोटी डॉलरच्या वर. एक-सव्वा टक्का! एवढ्यासाठी मोल्डर, पॅटर्नवाला मिस्त्री आणि मागची शेड सोडून कोण शिनोळीला जाईल? कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन म्हणाले, आमची मूल्यं विकाऊ नाहीत. म्हणायला सोपं होतं, कारण विकून मिळणार होतं ते थोडकं होतं. हे माझं कुजकट मत, डोंबिवलीपर्यंत पोचवू नका.

पुढची गंमत. जुलै 2018 मध्ये केगल पक्षाच्या उमेदवारीतच हरले, आणि त्याच महिन्याच्या शेवटी गव्हर्नर नेथन डील यांनी इंधनावरचा तो कर हुकूम काढून स्थगित केला. नोव्हेंबरात खास अधिवेशनानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. 2015 मध्येही ही माफी एकदा काढून घेतली होती. 2021 मध्ये जॉर्जियाच्या नव्या मतदान कायद्याविरुद्ध बॅस्टियन बोलले तेव्हा खालच्या सभागृहानं पुन्हा ती काढून घ्यायचा ठराव केला, वरच्यानं हातच लावला नाही. डेल्टा या सगळ्यात जिथल्या तिथं.

उलट बाजूही सांगायला हवी. पिट्सबर्गनं एका कंपनीच्या भरवशावर सुमारे शंभर कोटी डॉलर घालून 1992 मध्ये नवा विमानतळ बांधला. 2004 मध्ये त्याच कंपनीनं, यूएस एअरवेजनं, तिथलं मुख्य ठाणं मोडलं. कर नव्हे, कंपनी दिवाळ्यात आणि प्रवासी पुरेनात. इंडियानापोलिसनं युनायटेड या विमान कंपनीच्या दुरुस्ती केंद्रासाठी सरकारी तिजोरीतून सुमारे 30 कोटी डॉलर दिले, 2003 मध्ये युनायटेड निघून गेली. सवलतीनं आणलं, पण सवलतीनं धरून ठेवता आलं नाही.

आता सांबरा, एवढं बोलून थांबतो. धावपट्टी 1942 सालची आहे, ती कुठं जात नाही. माझं म्हणणं निवेदनं देणाऱ्या आपल्या संघटनांना आहे. 1 टक्का कर मागा, जरूर मागा, नाहीतर पुन्हा हुबळी आहे, कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आहे, आता चोर्ल्याच्या घाटाखाली गोव्याचा मोपाही आहे. पण सवलतीच्या कागदावर दोन कलमं घालून घ्या. फेरी बंद करायची तर सहा महिने आधी नोटीस, आणि मुदतीआधी गेलात तर वाचलेला कर परत. आणि कंपनीला विचारा, रात्री एक विमान इथं मुक्कामाला ठेवता का? मुक्कामाचं विमान म्हणजे इथं राहणारे इंजिनिअर, इथल्या हॉटेलात झोपणारे वैमानिक, पहाटेची पहिली फेरी. थोडंफार काहीतरी इथं रुजतं मग. याबद्दलचा मसुदा मी करून आणलाय, झेरॉक्स दारापाशी टेबलावर आहेत. सही करताना गावाचं नाव नीट लिहा.