हा खटला यांच्यापुढे नको!

नमस्कार श्रोतेहो. आयुष्यभर एकच बाजू लढवणारा वकील न्यायाधीश झाला, तर त्याचा निवाडा निःपक्ष असेल का? अमेरिकेत हा प्रश्न कॉन्स्टन्स बेकर मोटली यांना चक्क त्यांच्याच न्यायालयात विचारला गेला.

जन्म १९२१ चा, न्यू हेवनचा. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या क्लबमध्ये स्वयंपाकी. कॉलेजची फी कुठून येणार? एका सभेत ही मुलगी बोलली, की कृष्णवर्णीयांसाठी उभारलेल्या केंद्राच्या कारभारात कृष्णवर्णीयांनाच स्थान नाही. केंद्राला पैसा देणारे क्लॅरेन्स ब्लेकस्ली ते ऐकत होते. रागावणं दूरच, त्यांनी तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला! १९४६ मध्ये ती कोलंबियातून, म्हणजे डॉ. आंबेडकर शिकले त्याच विद्यापीठातून, कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडली.

पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली वर्णभेदाविरुद्धचे खटले. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या ब्राउन खटल्याचा मूळ दावा मोटलींनीच लिहिला. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या मिसिसिपी विद्यापीठात शिरला, तेव्हाही वकील याच.

१९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, जिल्हा न्यायालयासाठी त्यांचं नाव सुचवलं. मंजुरी सिनेटची लागते, आणि तिथल्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष कोण? वर्णभेदाचे कट्टर समर्थक, त्याच मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड! त्यांनी सात महिने नाव अडकवून ठेवलं, कम्युनिस्ट असल्याचा आरोपही केला. तरी ऑगस्टमध्ये नेमणूक झालीच. फेडरल न्यायाधीश होणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

१९७५ साली त्यांच्यापुढे सुलिव्हन अँड क्रॉमवेल या बड्या लॉ फर्मविरुद्धचा दावा आला: महिला वकिलांना डावलल्याचा. फर्मच्या बाजूने मागणी झाली, की मोटलींनी बाजूला व्हावं. त्या स्त्री, त्यात कृष्णवर्णीय, त्यात भेदभावाविरुद्ध लढलेल्या. मोटली हटल्या नाहीत. न्यायाधीशाचं लिंग, वर्ण किंवा पूर्वायुष्य एवढ्यावरूनच त्याला दूर सारायचं, तर या न्यायालयातला कुणीच हा खटला चालवू शकणार नाही, असं त्यांनी लिहिलं. मला यातली खोच फार आवडते. समोर पुरुष न्यायाधीश असता, तर 'तुम्ही पुरुष आहात, उठा' असं फर्म म्हणाली असती का?

वकील म्हणून सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले लढवले, नऊ जिंकले. हरलेला एक अलाबामाचा. ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याविषयीचा. त्या निकालातला कळीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बॅटसन खटल्यात स्वतःच रद्द केला. तोवर मोटलींना न्यायाधीश होऊन वीस वर्षं झाली होती.