पर्पेतुआनं तुरुंगात लिहिलेलं

नमस्कार मंडळी. टेबलावर हे मडकं मुद्दाम ठेवलंय. इसवी सन 203. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिस शहराला लागून असलेलं. अटकेतल्या मुलीला बाप विनवतोय, सोड हा नवा धर्म. ती तिथल्याच एका भांड्याकडे बोट करते. ‘बाबा, याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारता येईल?’ ‘नाही.’ ‘मग मीही जी आहे तीच आहे. ख्रिस्ती.’

ही संत पर्पेतुआ. वय 22च्या आसपास, चांगल्या घरातली, शिकलेली. आणि हे सगळं आपल्याला कळतं, कारण तिनं ते तुरुंगात स्वतः लिहून ठेवलं. त्या काळातल्या ख्रिस्ती बाईचे स्वतःचे शब्द हाती लागणं फार दुर्मीळ.

ती लिहिते काय? कोठडीतला अंधार, गर्दीनं होणारी काहिली, पैसे उकळणारे शिपाई. पण सगळा जीव अडकलेला अंगावर पिणाऱ्या बाळात. दोन धर्मसेवकांनी पैसे चारले, तेव्हा कुठे काही तास जरा बऱ्या जागेत बसायला मिळालं. भुकेनं मलूल झालेल्या बाळाला तिनं पाजलं. पुढे बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि तिला तो तुरुंगच महाल वाटू लागला. आखाड्यात लोकांसमोर जनावरांच्या तोंडी देण्याची शिक्षा झाल्यावर मात्र बापानं नातू परत दिला नाही. ती नोंदवते, की बाळानं दूध मागणं सोडलं आणि माझ्या छातीलाही ठणका लागला नाही. मी इथे प्रत्येक वेळी थांबतो. संतचरित्रात असं वाक्य सापडतं कुठे?

त्याआधी सुनावणीत रोमन अधिकारी हिलारियानस म्हणाला, बापाच्या पिकल्या केसांची कीव कर, सम्राटांसाठी बळी अर्पण कर. तिनं नकार दिला. बापाला छडीचा मार बसला. तो मलाच बसल्यासारखा वाटला, असं ती लिहिते.

सोबत फेलिसिता होती. दासी, आठ महिन्यांची गरोदर. गर्भवतीला मृत्युदंड देत नसत, म्हणून तिला धास्ती, की आपण मागे राहू. तुरुंगातच बाळंत झाली, मुलगी झाली. एका ख्रिस्ती बाईनं ती वाढवली.

7 मार्चला दोघींवर आखाड्यात पिसाळलेली गाय सोडली. पर्पेतुआ पडली, उठली, फाटलेलं वस्त्र सावरलं, केसांचा आकडा मागून घेऊन केस बांधले. मोकळे केस सुतकाचे, आणि तिला सुतक दिसू द्यायचं नव्हतं. मग फेलिसिताला हात देऊन उठवलं. शेवटी नवख्या तलवारबाजाचा हात थरथरत होता. तो तिनंच धरून आपल्या गळ्याशी नेला.

पुढे दोनशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेतलेच बिशप संत ऑगस्टीन या दोघींच्या सणाला प्रवचनं देत. मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेच्या, रोमन प्रार्थनेत आजही दोघींची नावं लागोपाठ येतात, आधी फेलिसिता, मग पर्पेतुआ.

आखाड्याचा भाग दुसऱ्याच्या हातचा आहे. तिचं स्वतःचं लिखाण आदल्या दिवशी थांबतं: इथवरचं मी लिहिलं, उद्या आखाड्यात जे घडेल ते ज्याला लिहायचं त्यानं लिहावं.